कृष्णविवर बघितल्याचा ठराव

कोडोली, ता. १४ डिसेंबर

चि. क्रांती हीस,

अनेक .................. (इथे काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही, म्हणून जागा मोकळी सोडली आहे.)

पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. मी तुझ्याशी बोलत नाही ही परिस्थिती कायम आहे. पत्र लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे असा निर्णय गणपतरावाने दिला, आणि भंडाऱ्याच्या शपथेच्या बाबतीत गावात त्याच्याइतका अनुभव कुणाला नाही. दूध संस्थेच्या प्रत्येक निवडणुकीत त्याने बिरोबाचा भंडारा उचलून मताची शपथ घेतली आहे. एका निवडणुकीत तर दोन्ही पॅनेलसाठी उचलली. तरी अजून त्याचा एक दातसुद्धा पडलेला नाही. त्याच्या मते फोन म्हणजे बोलणं. व्हॉट्सअॅप म्हणजेही बोलणंच, कारण त्यावर लगेच उलट उत्तर येतं आणि भांडण होऊ शकतं. पत्रात माणूस एकटाच असतो, म्हणून पत्र चालेल. मी इतकी वर्षं संस्थेचा सचिव होतो, इतिवृत्तं लिहून हात बसलेला आहे, तेव्हा मलाही पत्रच बरं.

आता विषयाकडे येतो. तू आईला फोनवर सांगितलंस म्हणे, की चैत्रात जोतिबाच्या यात्रेला येईन, पण आबा बोलणार नसतील तर घरात पाय ठेवणार नाही. त्या दिवसापासून तुझ्या आईने माझ्याशी बोलणं सोडलं आहे. मला जे ऐकवायचं ते ती गोठ्यात जाऊन म्हशीला सांगते, मला ऐकू येईल इतक्या आवाजात. काल म्हशीला म्हणत होती, एका भंडाऱ्यापायी पोरगी जायाची बघ हातची. म्हशीने मान हलवली.

माझी शपथ काय होती ते तुला नीट माहीत नसेल, कारण तू तिथे नव्हतीस. नसणं हाच तर विषय होता. साखरपुड्याला दोन दिवस उरले असताना तू चिठ्ठी ठेवून जर्मनीला निघून गेलीस. चिठ्ठीत लिहिलं होतं, की लांबच्या एका दीर्घिकेतल्या अजस्र कृष्णविवरातून क्ष-किरणांचे भडके उडायला लागलेत आणि दुर्बिणीवर तुमच्या गटाची पाळी आली आहे. कळवायला मला तोंड झालं नाही, आणि शिरोळचे पाहुणे पाच गाड्या भरून आले. मांडव घातलेला, पंगत बसलेली. नवरीमुलगी कुठं आहे विचारल्यावर मी चिठ्ठी वाचून दाखवली. दुसरं काय दाखवणार? शिरोळच्या एका म्हाताऱ्याने काळजीने विचारलं, त्या विवरात कुणी आपलं माणूस पडलंय का. मग माझा जो तोल गेला तो गेला. सगळी पंगत उठवून देवळात नेली आणि भंडारा उचलून म्हणालो, "ज्या विवरापायी माझ्या पोरीनं भर मांडवात माझा मान घालवला, ते विवर ह्या डोळ्यांनी बघितल्याबिगर तिच्याशी एक शबुद बोलणार न्हाय."

त्या चिठ्ठीत असंही होतं, की तो उजेड तीस कोटी वर्षांपूर्वी तिकडून निघालाय. तीस कोटी वर्षं वाटेत असलेल्या उजेडाला आणखी दोन दिवस थांबवता आलं नसतं का, एवढंच मी तेव्हा म्हणत होतो आणि आजही म्हणतो.

असो. शपथ मोडायची नाही, पण पुरी करता येते. तर ते विवर कुठून आणि किती वाजता दिसतं ते कळव. काही आगाऊ नाव नोंदवावं लागत असेल तर तेही कळव. मी बघून टाकतो. विषय संपला.

कळावे. (लोभ असावा असं पुढे लिहायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे.)

हंबीरराव
माजी सचिव


कोडोली, ता. ४ जानेवारी

चि. क्रांती हीस,

अनेक .................. (जागा मोकळीच.)

तुझं उत्तर आईच्या फोनवर आलं. ते मी झेरॉक्सच्या दुकानात छापून घेतलं, सात पानं झाली. मी पत्र लिहायचं आणि तू फोनवर उत्तर द्यायचं हे नियमात बसतं का, अशी शंका संस्थेत निघाली होती. गणपतराव म्हणाला, भंडारा बापाने उचललाय, पोरीला सगळं माफ.

सातही पानं मी सकाळच्या दूध संकलनाच्या वेळी संस्थेच्या कट्ट्यावर मोठ्याने वाचली. लोकांनी शांतपणे ऐकली. दुधाची फॅट लागेपर्यंत माणूस तसाही कुठं जात नाही. जे समजलं ते असं: त्या दीर्घिकेच्या पोटातलं विवर वर्षानुवर्षं गप्प पडून होतं. सूर्याच्या लाखो पट वजनाचं, पण हूं की चूं नाही. मग एकाएकी जागं झालं. आणि आता दर चार-पाच दिवसांनी त्यातून क्ष-किरणांचा भडका उडतो, काही तास राहतो आणि विझतो. पुन्हा चार-पाच दिवस शांत. कदाचित एखादा तारा किंवा ताऱ्याचा तुकडा त्याच्याभोवती फिरतोय आणि भोवतीच्या तापलेल्या वायूच्या चकतीतून दर वेळी आरपार घुसतोय म्हणून, कदाचित दुसऱ्याच कशाने. नक्की कारण अजून कुणालाच माहीत नाही असं तूच लिहिलं आहेस. ज्याचं कारण कुणालाच माहीत नाही त्यासाठी मांडव मोडावा का, हा प्रश्न मी कट्ट्यावर ठेवला. त्यावर चर्चा झाली नाही.

तुझ्या आईनेही पानं वाचली. मग गोठ्यात गेली. म्हशीला म्हणाली, "ऐकलंस का, वर्षानुवर्षं गप बसायचं आनि मग दर चार दिसांनी भडका. कारण कुणालाच म्हाईत न्हाय. ह्येचा अब्यास कराय पोरगीला जर्मनीला कशाला जायाला पायजे हुतं? घरातच हुतं की." मी वैरण टाकत होतो, ती टाकत राहिलो.

पण सहाव्या पानावर तू जे लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. ते क्ष-किरण माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाहीत. ते वरच्या हवेतच अडतात, जमिनीपर्यंत पोचतसुद्धा नाहीत. म्हणून दुर्बीण अवकाशात सोडली आहे, आणि त्या दुर्बिणीला डोळा लावून कुणी बसलेलं नसतं, नुसते आकडे खाली येतात. म्हणजे पोरी, तू स्वतःही ते विवर बघितलेलं नाहीस. दोन वर्षं झाली. न बघितलेल्या वस्तूसाठी तू गेलीस, आणि ती बघितल्याशिवाय बोलणार नाही म्हणून मी इथे बसलोय. आपल्या घराण्यात शहाणं कोण, असं गणपतरावाने विचारलं. मी त्याच्या दुधात पाणी आहे असं सांगितलं आणि घरी आलो.

तू लिहिलंस की गावाकडून ती जागा पहाटे डोक्यावर येईल, कन्या राशीच्या बाजूला, पण साध्या दुर्बिणीतून काहीच दिसणार नाही, उगाच थंडीत बसू नका. मी बसणार नाही. मला पहाटे धारा असतात.

आणखी एक. गणपतरावाच्या डोक्यात काहीतरी शिजतंय. मोठ्या फलकाची, म्हणजे फ्लेक्सची भाषा चालली आहे. माझा त्याच्याशी संबंध नाही हे आधीच कळवून ठेवतो.

हंबीरराव
मा. स.


कोडोली, ता. २० जानेवारी

चि. क्रांती हीस,

अनेक .................. (याबद्दल शेजारची म्हातारी झुंबरबाईसुद्धा विचारत होती. खाली लिहिलं आहे.)

सोहळा पार पडला. "भव्य कृष्णविवर दर्शन सोहळा व स्नेहभोजन" असा फ्लेक्स एस.टी. स्टँडवर लागला होता. फ्लेक्सवर तुझा फोटो आहे, दहावीच्या ओळखपत्रावरचा, दोन वेण्यांचा. विवराचं चित्र कोपऱ्यात लिंबाएवढं. बाकी सगळी जागा शुभेच्छुकांनी व्यापली. माझा फोटो टाकू नका म्हणून बजावलं होतं तरी टाकला, तोही गॉगल लावून. गॉगल मी जन्मात घातलेला नाही. तो दुकानदाराने कॉम्प्युटरवर घातला.

कोल्हापुरात राजारामपुरीत क्लास चालवणारे विश्वजित सर त्यांची मोठी दुर्बीण घेऊन आले. भला माणूस. त्यांनी आल्या आल्या सांगितलं, की यातून कृष्णविवर दिसणार नाही, कोणत्याच दुर्बिणीतून असं दिसत नसतं. हे वाक्य गणपतरावाने लाउडस्पीकरवर सांगू दिलं नाही, कारण मटण शिजत आलं होतं आणि पांढरा रस्सा तयार होता. अंधार पडल्यावर सरांनी दुर्बीण गुरू ग्रहाकडे लावली. गुरू सध्या चांगला मोठा दिसतो. बाजूला त्याचे चंद्र, एका ओळीत. संस्थेच्या गच्चीवर रांग लागली. माणसं बघत होती, हात जोडत होती आणि जेवायला खाली जात होती. झुंबरबाईने दुर्बिणीला हळदकुंकू लावलं. बराच वेळ डोळा लावून बसली. उठून मला म्हणाली, "लई लांब हाय की रं. पोरगीला म्हनावं, जपून ऱ्हा. आनि तू तिला आशीर्वाद तरी लिवतूस का न्हाय?" मी रस्सा वाढायला गेलो.

जेवणं झाल्यावर गणपतरावाने मला कोपऱ्यात घेतलं. अख्ख्या गावाने विवर बघितलं, तूही बघितलंस, आता फोन लाव, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, तो गुरू होता. त्यावर तो म्हणाला, "आता द्येवाला काय कळतंय त्यातलं?" मी म्हटलं, "द्येवाला न्हाय तर कुनाला कळायचं?" असल्या माणसाशी काय बोलायचं? भंडारा उचलायचा आणि गुरू दाखवून सोडवायचा, हे मला जमणार नाही. माझा भंडारा निवडणुकीचा नव्हता.

आणि तरीसुद्धा, क्रांती, लिहिलंच पाहिजे म्हणून लिहितो. तुझ्या आईने तिचा फोन माझ्या हातात दिला होता, तुझा नंबर लावून. एक रिंग गेली. मग मी बंद केला. तू नंतर तिला विचारलंस की काय झालं, आणि ती म्हणाली चुकून लागला. चुकून लागला नव्हता. मला तुझ्याशी बोलायचं आहे. पण खोटं बघून नाही.

तुझ्याकडे काहीतरी असेल जे खरंच बघता येईल. ते पाठव.

हंबीरराव


कोडोली, ता. ८ फेब्रुवारी

चि. क्रांती हीस,

अनेक ..................

अक्षर वाकडं येतंय, कारण पडून लिहितोय. काळजी करण्यासारखं नाही. गोठ्याचा पत्रा दुरुस्त करताना घसरलो. कोल्हापुरात एका दवाखान्यात जाऊन आलो. एक बरगडी मोडली आहे. प्लास्टर घालत नाहीत, ती आपली आपण जुळते. हसायचं, खोकायचं आणि मोठ्याने बोलायचं नाही, एवढंच पथ्य. पहिली दोन जमतील.

त्याआधी तू पाठवलेला आलेख मिळाला. छापून घेतला. एक रेघ आहे. आडवी चालते, मग एकदम उभी चढते, उतरते, पुन्हा आडवी. असे चार उंचवटे. खाली तू लिहिलंस, "आबा, हेच ते. मी रोज बघते. तुम्हीही बघा." बघितलं. पण पोरी, ही रेघ आहे. मी संस्थेत फॅटचे असले आलेख भिंतीवर लावायचो. त्यांना म्हैस म्हणता येत नाही. मी भंडारा विवरासाठी उचलला होता, रेघेसाठी नाही. तेव्हा विषय पुढच्या सभेपर्यंत तहकूब.

आता दुखतंय. थांबतो.

हंबीरराव

(खाली तुझी आई दोन ओळी लिहिते म्हणते. मी वाचणार नाही.)

क्रांते, मी आई. सगळं खोटं हाय. पत्र्याला काय बी झालेलं न्हाय. ह्यांनी बाजारातनं दुर्बीण आनली, मला म्हाईत न्हाय असं त्येंला वाटतंय. रोज पहाटं धारंच्या आदी गोठ्यावर चढून आभाळात बघत बसत्यात. तू कन्या रास म्हनालीस न्हवं. परवा दव पडलं हुतं, पत्र्यावरनं पाय घसरला. खाली पडल्यावर मला म्हनले दुर्बीण फुटली का बघ आदी. आनि तो येक दवाखाना म्हंजी आपल्या पृथ्वीराजचा. त्योच शिरोळचा, तुझा ठरल्याला. तिथं काय झालं ते ह्येच लिवतील, मी न्हाय सांगत. पर लई मोटं झालं. तू रडू नगंस.


कोडोली, ता. ११ फेब्रुवारी

चि. क्रांती हीस,

अनेक .................. (हा विषय शेवटी घेतो.)

आईने काय लिहिलं ते मी वाचलं नाही. पण पाकीट चिकटवायच्या आधी दिसलं. तेव्हा आता सगळं क्रमाने लिहितो. मागच्या पत्रात विषय तहकूब असं लिहिलं तेव्हा तो खरं तर निकाली निघाला होता, पण कबूल करायला जड जात होतं.

पडल्यावर गणपतरावाने त्याच्या जीपमधून मला नेलं. राजारामपुरीत आल्यावर त्याने गाडी नेमकी त्या गल्लीत घातली, ज्या गल्लीतून मी दोन वर्षं गेलेलो नाही. मी म्हटलं दुसरीकडे चल. तो म्हणाला, हाडांचा डॉक्टर हाच जवळ आहे आणि तुझ्या मानाला प्लास्टर घालायला आपण आलेलो नाही. आत पृथ्वीराज बसलेला. मला बघून उठला, पाया पडला आणि म्हणाला, मामा, काय झालं? सासऱ्याला मामा म्हणतात आपल्याकडे. जावई झाला असता तर मामाच म्हणाला असता, नाही झाला तरी मामाच म्हणतोय. 

क्ष-किरण फोटोच्या खोलीत नेलं. सदरा काढा, खिशातलं सगळं बाहेर ठेवा म्हणाले. छातीवरच्या खिशात तुझा आलेख होता, चार घड्या घातलेला. तो तिथे का होता ते विचारू नकोस. माझ्या खिशात मी काय ठेवायचं तो माझा प्रश्न आहे. पृथ्वीराजने तो उघडला, बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, क्रांतीचा का? मी मान हलवली. मग उभं राहा, श्वास रोखा, झालं. मी म्हटलं, काय झालं? ना आवाज, ना उजेड, ना चटका. फोटो निघाला कशावरून?

त्याने भिंतीवरच्या पांढऱ्या उजेडाच्या पेटीवर फिल्म लावली. माझ्या बरगड्या. डावीकडच्या एकीत बारीक चीर. बघितली का मामा, म्हणाला. मी म्हटलं, बघितली. मोडली म्हणता का, त्याने विचारलं. मी म्हटलं, मोडली की, दिसतंय की सरळ.

पृथ्वीराजने तुझा आलेख उचलला आणि त्याच पेटीवर माझ्या बरगड्यांशेजारी लावला. कागदातून मागचा उजेड आला आणि ते चार उंचवटे काळे, ठळक उठून दिसले. एकीकडे माझ्या छातीचा पिंजरा आणि शेजारी तुझं विवर. "मामा," तो म्हणाला, "ह्यो बी एक्स-रे, त्यो बी एक्स-रे. तुमच्यावर पडल्याले किरण तुमी बघितलं न्हाईसा. फिल्मवर उमटलं त्येवढं बघितलं. तिनं बी त्येवढंच बघितलंय."

मी म्हटलं, ते वेगळं, हे वेगळं. मला माझी बरगडी दुखतेय, मला ती माहीत आहे. तेव्हा मागे खुर्चीवर बसलेला गणपतराव उठला. हा माणूस जन्मभर शपथा सोडवत आला आहे, पण इतक्या सरळपणे त्याने एकही सोडवली नसेल. म्हणाला, "हंबीरा, बघितलं म्हन न्हाईतर न्हाय म्हन. जर त्ये इवर बघितलं न्हाईस, तर तुझी बरगडी बी मोडल्याली न्हाय. ऊठ, चालत घरला चल. धारा खोळंबल्यात."

मी उठायला गेलो. उठता येईना. पुन्हा एकदा गेलो. नाही जमलं. गणपतराव कमरेवर हात ठेवून उभा होता.

"बघितलं," मी म्हणालो.

सूचक गणपतराव, अनुमोदक डॉ. पृथ्वीराज, ठराव सर्वानुमते मंजूर. येताना बिरोबाच्या देवळाशी जीप थांबवली, मला उतरता येईना म्हणून पुजाऱ्याने भंडारा गाडीपाशी आणून कपाळाला लावला. शपथ पुरी झाली. मोडलेली नाही, हे लक्षात घे. पुरी झाली.

आणखी एक गोष्ट राहिली. निघताना पृथ्वीराजने मला हळूच सांगितलं, की साखरपुड्याच्या आधी तू त्याला फोन केला होतास. त्यानेच तुला सांगितलं, जा म्हणून, असलं काही पुन्हा मिळायचं नाही. त्याचं स्वतःचंही दुसरीकडे ठरलं होतं आणि घरात सांगायचं धाडस नव्हतं. तू गेलीस आणि तो आपोआप सुटला. ती मुलगी आता त्याची बायको आहे, दातांची डॉक्टर, तिने मला चहा दिला. म्हणजे ज्या घरापुढे माझा मान गेला म्हणून मी दोन वर्षं गल्ली बदलून चाललो, त्या घरात सगळे मजेत होते. मी त्याला म्हटलं, मग भंडारा तू उचलायचास. तो म्हणाला, मामा, तुम्ही एवढ्या तावात होता की मला मधे बोलायला जागाच मिळाली नाही. गणपतराव या वाक्याला हसला. मला हसायची मनाई आहे.

आज संध्याकाळी फोन करतो. हे पत्र मागाहून मिळेल.

हंबीरराव


कोडोली, ता. १५ फेब्रुवारी

चि. क्रांती हीस,

अनेक उत्तम आशीर्वाद. मागच्या पत्रांतल्या मोकळ्या जागा याच शब्दांनी भरून घेणे.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. आईच्या फोनवरून फोटो काढून पाठवतोय, आता सगळं चालतं.

त्या दिवशीच्या फोनबद्दल. तू उचललास आणि "आबा?" म्हणालीस. मी काही बोललो नाही. तू पुन्हा म्हणालीस. मग आईने फोन घेतला आणि डॉक्टरांनी बोलायची मनाई केली आहे असं सांगितलं. ते खरं नाही. पृथ्वीराजने फक्त ओरडायची मनाई केली आहे. खरी गोष्ट अशी, की तुझ्याशी बोलायची वेळ आली तर काय बोलायचं ते मी दोन वर्षं तयार करून ठेवलं होतं. म्हशी धुताना, वैरण तोडताना, सगळं मुद्देसूद. तुझा आवाज आला आणि त्यातलं एकही वाक्य उपयोगाचं राहिलं नाही. ते सगळं भांडणाचं होतं. मग मला रडू आलं. रडल्यानेही बरगडी दुखते, हे पथ्य डॉक्टरांनी सांगायला हवं होतं.

तुझी आई माझ्याशी पुन्हा बोलायला लागली आहे. म्हैस एकटी पडली आहे. तुझा आलेख मी फ्रेम करून बैठकीत लावला, शेजारी माझ्या बरगड्यांची फिल्म. येणारा पाहुणा आधी बरगड्यांबद्दल विचारतो. मी त्याला आधी तुझ्या चार उंचवट्यांचं सांगतो: पहिला भडका, मग चार-पाच दिवस शांत, मग पुन्हा. कारण कुणालाच माहीत नाही, आमची क्रांती शोधतेय, असं म्हणतो. काल शिरोळचा एक पाहुणा आला होता, त्याच पंगतीतला. त्याने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, मग त्यात कुणी आपलं माणूस पडलं होतं का. मी म्हटलं, पडलो होतो, मीच. आता वर आलोय.

त्या दिवशीचा माझा भडका होऊन गेला. तुझ्या हिशेबाने आता पुन्हा व्हायची वेळ आली. उद्या संध्याकाळच्या धारा झाल्या की फोन करतो. उचल. चैत्राचं तिकीट काढलंस का ते आधी विचारेन, म्हणून उत्तर तयार ठेव. आणि मी हळू बोलणार आहे, जन्मात पहिल्यांदाच, तेव्हा फोन कानाला नीट लाव.

तुझा,
आबा